होम लोन नामंजूर झालं? दुसऱ्या बँकेत जाण्याआधी या क्रमाने तपासा

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात गेली चौदा वर्षं मी होम लोनच्या फायली तयार करतोय. कंपनीत कामाला असलेले, स्वतःचं वर्कशॉप चालवणारे, किराणा दुकानदार, शिक्षक असे सगळेच येतात. यातले निम्मे तरी एकदा नकार घेऊन आलेले असतात. घर ठरलेलं असतं, विसार दिलेला असतो, गावाकडे आईवडिलांना सांगून झालेलं असतं आणि मग बँकेतून फोन येतो, "सर, तुमची केस होत नाही." त्या संध्याकाळी माणूस काय करतो, तर दुसऱ्या दिवशी आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकतो. बरीचशी केस तिथेच बिघडते.

नकाराला एक ठरावीक जागा असते. ती सापडेपर्यंत नवा अर्ज टाकू नका. पुढचं सगळं ती जागा शोधण्यासाठी लिहिलंय, आधी फुकटातले उपाय आणि शेवटी पैसे आणि वेळ लागणारे.

आधी लक्षणं बघा

माझ्याकडे कोणी आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, नकार कोणत्या दिवशी आला?

अर्ज दिल्यावर दोन-तीन दिवसांतच, कागद नीट न बघता नकार आला असेल तर बहुतेक वेळा सिबिलची, म्हणजे क्रेडिट स्कोअरची अडचण असते, नाहीतर नाव-पॅन-जन्मतारखेचा घोळ. बँक स्टेटमेंट आणि सॅलरी स्लिपा घेतल्या, आठ-दहा दिवस गेले आणि मग "नाही बसत" म्हणाले, तर उत्पन्न आणि हप्त्यांचं गणित जुळलेलं नाही. सँक्शन लेटर हातात पडलं, घरी पेढे वाटून झाले आणि त्यानंतर "लीगल निगेटिव्ह" (वकिलाचा नकार) किंवा "टेक्निकल निगेटिव्ह" (जागा आणि बांधकाम तपासणाऱ्याचा नकार) आलं, तर तुमच्यात काही खोट नाही, जागेच्या कागदांत आहे.

चौथं लक्षण जरा फसवं असतं. नकार कोणी देतच नाही. "वरून अजून आलं नाही", "साहेब रजेवर आहेत" असं महिनाभर चालतं. अशा वेळी फाईल लॉगिन तरी झाली होती का, म्हणजे बँकेच्या सिस्टिममध्ये नोंदली गेली होती का, ते विचारा. अर्जाचा क्रमांक मागा. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची फाईल एका एजंटाच्या गाडीच्या डिकीत पाच आठवडे पडून होती. नकार आलाच नव्हता.

आणि मागितलं ३२ लाख, मंजूर झालं २१ लाख, तर तोही नकारच समजा. त्याचं कारण खाली हप्त्यांच्या भागात सापडेल.

पहिलं काम: हात आवरा

याला एक रुपयाही लागत नाही. तुम्ही अर्ज केला की बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांचा आणि परतफेडीचा उतारा, मागवते आणि त्याची नोंद रिपोर्टात "एन्क्वायरी" म्हणून राहते. महिन्याभरात अशा पाच-सहा एन्क्वायऱ्या दिसल्या की पुढच्या बँकेचा अधिकारी म्हणतो, हा माणूस सगळीकडे फिरतोय आणि कोणी देत नाहीये. स्कोअरही थोडा घसरतो. मोबाइलवर "तुमची पात्रता फुकट तपासा" म्हणणाऱ्या जाहिराती दिसतात, त्यांतल्या काही तुमची संमती घेऊन खरोखरचा अर्ज पुढे पाठवतात. तिथे पॅन नंबर टाकू नका.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर स्कोअर कमी होत नाही. ही भीती लोकांच्या मनात इतकी बसलीय की मुद्दाम वेगळं लिहितोय.

दुसरं: कारण लेखी मागा

तोंडी मिळालेल्या कारणावर विश्वास ठेवू नका. काउंटरवरचा मुलगा "सिबिल लो आहे" म्हणतो, कारण ते सांगायला सोपं असतं. कर्ज कितीही रकमेचं असो, अर्ज नाकारला तर त्याची मुख्य कारणं बँकेने लेखी कळवायची, असं रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडमध्ये स्पष्ट आहे. हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही हाच नियम लागू आहे. बऱ्याच अर्जदारांना हे माहीत नसतं, म्हणून कोणी मागत नाही.

शाखेच्या ईमेलवर चार ओळी पाठवा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. मी लोकांना हे लिहायला सांगतो: "अमुक तारखेला, अमुक क्रमांकाने मी गृहकर्जाचा अर्ज केला होता. तो नामंजूर झाल्याचं मला तोंडी कळवण्यात आलं. नामंजुरीची कारणं कृपया लेखी कळवावीत. लीगल व टेक्निकल अहवालात काही त्रुटी असल्यास त्याही कळवाव्यात." भांडण नाही, धमकी नाही. उत्तर बहुधा येतं. कधी दोनच शब्द येतात, "इंटर्नल पॉलिसी". तरी तेवढ्यावरून सिबिल, उत्पन्न आणि जागा यांतलं काय नाही ते विचारून घेता येतं.

बँकेकडे लेखी तक्रार करूनही तीस दिवसांत उत्तर नाहीच आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. मात्र एक समजून घ्या: कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे, तो लोकपाल फिरवत नाही. कारण कळवलं नाही, चुकीची नोंद दुरुस्त केली नाही, अशा गोष्टींसाठी तो रस्ता आहे.

तिसरं: नाव, पत्ता, फोन

हे क्षुल्लक वाटतं, पण फायली इथे अडतात. आपल्याकडे नावं लिहायच्या किती तऱ्हा! आधारवर दत्तात्रय, पॅनवर दत्तात्रेय, पगाराच्या स्लिपवर नुसतं डी. बी. आणि बँक खात्यात आडनाव आधी. मशीन त्यांना चार वेगळी माणसं समजतं. बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव पॅनवर, सासरचं आधारवर, आणि मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. सह-अर्जदार म्हणून पत्नीचं नाव टाकलं की हा प्रश्न हमखास येतो.

चारही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. जन्मतारीखही. फरक असेल तर आधी पॅन आणि आधार जुळवून घ्या. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला बहुधा पुरतो, पूर्ण नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद लागते. नुसत्या शपथपत्रावर काही बँका भागवतात, काही नाही.

त्याचबरोबर चौकशी करा की घरी किंवा कामाच्या ठिकाणी तपासणीला आलेला माणूस काय लिहून गेला. घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाले "ते इथे राहत नाहीत", किंवा कंपनीत एचआरने फोन उचलला नाही, एवढ्यावरही "निगेटिव्ह" शेरा पडतो. पुन्हा भेट द्यायला सांगितली की काम होतं.

चौथं: क्रेडिट रिपोर्ट, चारही कंपन्यांचा

आपण सगळे "सिबिल" म्हणतो, पण अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा असतो. बँकेने कुठला बघितला ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून चारही काढा. एकात घोळ असतो, दुसऱ्यात नसतो, असं मी कितीदा पाहिलंय.

स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. ७५० च्या वर असेल तर त्या बाजूने फारशी अडचण येत नाही. पण आकड्यावर अडकू नका, आतलं वाचा. खाती एकेक करून बघा.

एक, तुमचं नसलेलं खातं. एकसारख्या नावामुळे दुसऱ्याचं कर्ज तुमच्या रिपोर्टात येऊन बसतं. दोन, फेडलेलं कर्ज अजून "चालू" दिसणं. तीन, किरकोळ थकबाकी. एका मुलाने कधीही न वापरलेलं क्रेडिट कार्ड कपाटात ठेवलं होतं. त्याची ५९० रुपयांची वार्षिक फी भरायची राहिली, व्याज-दंड चढत गेला, आणि चार वर्षांनी तेच कार्ड त्याच्या घराच्या आड आलं.

चार, "सेटल्ड" हा शब्द. वसुलीवाल्याने सांगितलेलं असतं, "ऐंशी हजारांऐवजी तीस भरा, मिटवून टाकू." लोकांना वाटतं मिटलं. रिपोर्टात मात्र "सेटल्ड" किंवा "रिटन ऑफ" लिहून येतं, म्हणजे पूर्ण पैसे दिले नाहीत. होम लोनवाले हे बघितलं की फाईल मिटतात. यावर उपाय आहे. त्या कर्जदात्याकडे जा, उरलेली रक्कम किती ते लेखी घ्या, भरा, नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) घ्या आणि खातं "क्लोज्ड" म्हणून कळवायला लावा.

पाचवा प्रकार आपल्या भागातला: जामीन. जुन्नरकडचा एक फिटर माझ्याकडे आला. पगार चांगला, अंगावर एकही कर्ज नाही, तरी नकार. रिपोर्ट उघडला तर ट्रॅक्टरचं कर्ज, सात हप्ते थकलेले. "मी ट्रॅक्टर कधी घेतला?" म्हणून तो माझ्याकडेच बघत राहिला. खूप वेळाने आठवलं, चुलतभावाच्या कर्जाला सही केली होती. जामीनदाराच्या रिपोर्टातही ते कर्ज आणि त्याची थकबाकी दिसते. त्याने गावी जाऊन भावाला समजावलं, ऊस तुटल्यावर थकबाकी भरली गेली आणि आठ महिन्यांनी त्याची फाईल झाली. भावाशी संबंध तुटले नाहीत, याचं मला जास्त बरं वाटलं.

नोंद चुकीची असेल तर त्या क्रेडिट कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार टाका आणि कर्जदात्यालाही ईमेल करा, दोन्हीकडे एकाच दिवशी. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली पाहिजे. नाही निघाली तर एप्रिल २०२४ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. २०२५ च्या सुरुवातीपासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

आणि कधीच कर्ज घेतलं नसेल, स्कोअरच्या जागी उणे एक किंवा "एनएच" दिसत असेल, तर घाबरू नका. केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. नकाराचं लेखी कारण हेच असेल तर त्याकडे शाखाप्रमुखाचं लक्ष वेधा.

इथे एका ठिकाणी थांबा. तुमच्या पॅनवर कोणीतरी खरोखर कर्ज उचललेलं असेल, एक नाही तर तीन-चार, तर ते स्वतः निस्तरायच्या भानगडीत पडू नका. १९३० वर सायबर तक्रार नोंदवा, पोलिसांत जा, तक्रारीची प्रत प्रत्येक कर्जदात्याला पाठवा आणि वकिलाला गाठा. आणि "दहा हजारांत सिबिल आठशे करून देतो" म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. खरी नोंद पुसायचा अधिकार कोणालाच नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट काढून घेऊ शकता.

पाचवं: हप्त्यांचं गणित, कागद-पेन्सिल घेऊन

बँक हे बघते की हातात येणाऱ्या पगारातला किती भाग हप्त्यांत जाईल. साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपास बहुतेक जण थांबतात. पगार कमी असेल तर त्याहूनही आधी.

एक उदाहरण करून दाखवतो. हातात पगार ५२,०००. निम्मे म्हणजे २६,०००. यातून आधीचे हप्ते वजा: बाइकचा ३,४०० आणि पर्सनल लोनचा ९,६००. उरले १३,०००. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एका लाखाला महिना साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. १३,००० ला ८६८ ने भागा, येतात १५ लाख. याने अर्ज केला होता २५ लाखांचा. बँकेच्या लेखी ते बसतच नव्हतं.

आता बघा, त्या पर्सनल लोनचे फक्त १ लाख ४० हजार फेडायचे राहिले होते. ते फेडले की हप्त्याला २२,६०० मोकळे होतात आणि पात्रता २६ लाखांवर जाते. दीड लाखाच्या आतल्या रकमेने अकरा लाखांची वाट मोकळी झाली. ज्या कर्जाचा हप्ता मोठा आणि बाकी थोडी, ते आधी फेडा. सोनं मोडायची वेळ आली तर याच कारणासाठी मोडावं, असं माझं मत आहे. लग्नाचा हॉल किंवा नवा मोबाइल यासाठी घेतलेली कर्जं घराच्या आड येतात हे लोकांना उशिरा कळतं.

मुदत वाढवून तीस वर्षं केली तर लाखाला हप्ता ७६९ वर येतो, पण एवढ्याने पात्रता दोनच लाखांनी वाढते. उलट १५ लाखांच्या कर्जावर वीस वर्षांत सुमारे ३१ लाख फेडावे लागतात, तीस वर्षांत साडेएक्केचाळीस. हा मार्ग मी शेवटी सुचवतो. आणि वयही आडवं येतं, नोकरदाराचं कर्ज निवृत्तीपर्यंत संपायला हवं असतं.

पत्नी, वडील किंवा मुलगा कमावते असतील तर सह-अर्जदार करा. फक्त त्यांचाही क्रेडिट रिपोर्ट आधी काढून बघा. दोघांतल्या एकाचा स्कोअर वाईट असेल तर चांगल्याचीही फाईल बुडते.

सहावं: तुमच्या खिशातली रक्कम

घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. घर अगदी १० लाखांच्या आतलं असेल ते सोडून, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशेबात धरत नाहीत.

पिंपरी-चिंचवडमधला ४० लाखांचा फ्लॅट घ्या. कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख. आठ लाख तुमचे. शिवाय पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २ लाख ८० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. म्हणजे अकरा लाखांच्या वर रोख तयारी हवी. बँक विचारते, हे कुठून आणणार? उत्तराला कागद नसेल तर फाईल थांबते. एफडीच्या पावत्या, पीएफचा उतारा, गावच्या जमिनीच्या विक्रीचा दस्त, जे असेल ते आधीच जोडा. आणि व्यवहारात काही भाग "रोख" ठरला असेल, तर कागदावरची किंमत कमी आणि कर्जही कमी. त्या वाटेने जाऊ नका, पुढे विकतानाही ते नडतं.

सातवं: बँक स्टेटमेंट आणि रिटर्न, इथे महिने लागतात

अधिकारी स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा बाऊन्स शोधतो. सहा महिन्यांत तीन हप्ते परत गेले असतील तर पगार कितीही असो, शंका येते. बऱ्याच वेळा कारण साधं असतं. हप्ता कापायची तारीख ५ आणि पगार जमा होतो ७ ला. दोन दिवसांसाठी दर महिन्याला काळा डाग. कर्जदात्याला अर्ज देऊन तारीख १० करून घ्या आणि सहा महिने स्वच्छ जाऊ द्या. याला दुसरा झटपट उपाय नाही.

पगार रोखीत मिळत असेल तर मालकाला विनंती करून खात्यावर घ्यायला सुरुवात करा. स्वतःचा धंदा असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. वर्कशॉपमध्ये चार माणसं कामाला, महिन्याला लाखोंची उलाढाल, आणि रिटर्नमध्ये वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाख. टॅक्स वाचवला तो इथे भरून निघतो. मग घाईघाईत दोन-तीन वर्षांची रिटर्नं एकाच आठवड्यात भरून आणतात. भरल्याची तारीख रिटर्नवरच असते, आणि बँक ती पहिल्यांदा बघते.

रिटर्न, बॅलन्स शीट, जीएसटी यांची दुरुस्ती स्वतः करू नका, एजंटाकडून तर नाहीच. सीएकडे जा. तो म्हणाला एक वर्ष थांबा, तर थांबा. आणि कोणी "सॅलरी स्लिप बनवून देतो" म्हणाला तर तिथून उठा. खोटा कागद पकडला गेला तर तो फसवणुकीचा गुन्हा होतो आणि पुढे कोणतीच बँक दारात उभं करत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एका चांगल्या कुटुंबाचं असं झालंय.

आठवं: जागेचे कागद

ही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी. इथला नकार हा बहुतेक वेळा तुमच्यावर उपकार असतो. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने जागेचा तीस वर्षांचा इतिहास चाळून "नको" म्हटलं असेल, तर तीच जागा तुम्ही स्वतःच्या पैशाने तरी का घ्यावी?

वकिलाकडे जाण्याआधी घरबसल्या थोडं बघता येतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, शोधता येतो. महाभूलेखवर सातबारा, आणि डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशा आणि दावे दिसतात. फ्लॅट असेल तर बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, आणि नकाशात मंजूर मजले किती ते मोजा. सहा मजले मंजूर आणि तुमचा फ्लॅट सातव्यावर, हे मी दोनदा पाहिलंय.

जुन्या फ्लॅटला साखळी लागते. बिल्डरकडून पहिल्याने घेतला, पहिल्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तुम्ही. यातला एक मूळ करारनामा हरवला की फाईल अडते. पोलिसांत गहाळची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, एवढं केलं की बऱ्याच बँका ऐकतात.

प्लॉट आणि बंगल्यांच्या बाबतीत सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. मोशीजवळच्या एका केसमध्ये तिथे गावच्या विकास सोसायटीचा आठ हजारांचा बोजा होता, पीककर्जाचा, १९९४ सालचा. कर्ज फेडून वर्षं लोटलेली, कर्ज घेणारे आजोबा वारलेले, पण बोजा काढायला कोणी गेलं नव्हतं. सोसायटीचा सचिव जुनी रजिस्टरं काढून बसला, बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला दिला, तलाठ्याकडे अर्ज गेला, फेरफार मंजूर झाला. दीड महिना गेला, पण तीस लाखांची अडलेली फाईल सुटली. असे बोजे आता ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज करूनही कमी करता येतात.

काही दोष मात्र तुमच्या हातात नसतात. अकृषिक परवानगी नसलेल्या शेतजमिनीतला दोन गुंठ्यांचा तुकडा, सातबाऱ्यावर सामायिक नाव. भोगवटादार वर्ग दोनची जमीन, जी परवानगीशिवाय विकताच येत नाही. बहिणींनी हक्कसोड न केलेली वडिलोपार्जित जागा. चालू दावा. गुंठेवारीतल्या घरांना २००१ च्या कायद्याखाली नियमितीकरणाची सोय आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी, पण ते मालकाने करून द्यायचं असतं, आणि ते झाल्यावर पैसे द्यायचे असतात.

इथे मी स्वतः थांबतो आणि लोकांनाही थांबवतो. मालकी हक्काचा प्रश्न दिसला की दिवाणी आणि महसुली काम करणारा वकील गाठा, बिल्डरचा किंवा विकणाऱ्याचा नव्हे, स्वतःचा. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही. दोन बँकांचे वकील आणि तुमचा वकील एकच दोष दाखवत असतील, तर घर सोडा. "तिकडे एक फायनान्स कंपनी आहे, ती लीगल एवढं बघत नाही" हा सल्ला ऐकू नका. ती जास्त व्याज लावेल आणि दोष तुमच्याच गळ्यात राहील.

विसार अडकला असेल तर विसारपावती काढून वाचा. "कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत" हे वाक्य असेल तर लेखी नकार दाखवून परत मागा. नसेल तर जागेचा दोष हे कारण वकिलामार्फत लेखी मांडा. नव्या प्रकल्पात तर करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याची मनाई आहे. तशी घेतली असेल तर महारेराकडे जाता येतं. आणि अजून विसार दिलाच नसेल, तर ते एक वाक्य पावतीत घालूनच द्या.

नवा अर्ज टाकताना

दोष सापडला, दुरुस्त झाला आणि नवा क्रेडिट रिपोर्ट काढून तो दिसलाही, मग एकाच ठिकाणी अर्ज टाका. जमलं तर तुमचा पगार जिथे जमा होतो तिथे. आधी शाखेत जाऊन कर्ज अधिकाऱ्याला कागद दाखवा, "लॉगिन करण्याआधी एकदा बघून सांगा" म्हणा. चांगला अधिकारी दहा मिनिटांत सांगतो. लॉगिनची फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, हेही विचारून घ्या. हाउसिंग फायनान्स कंपनीने जास्त व्याजाने दिलं आणि घर निर्दोष असेल, तर घ्यायला हरकत नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही, दोन वर्षं हप्ते वेळेवर भरून ते बँकेत हलवता येतं.

फाईलच्या सगळ्यात वर एक पानाचं पत्र लावा: मागच्या वेळी अमुक कारणाने अर्ज नामंजूर झाला, त्यानंतर अमुक केलं, पुरावा अमुक पानावर. फॉर्ममध्ये "यापूर्वी अर्ज नाकारला गेला आहे का" असा रकाना असेल तर "हो" लिहा, तारीख लिहा, आणि नो ड्यूज सर्टिफिकेट, बेबाकी दाखला किंवा फेरफार, जे लागू असेल त्याची प्रत त्याच पानामागे जोडा.